काकांचा नंबर बंद करताना : एका पोस्टपेड खात्याचं प्रकरण

नाशिकमधलं एक घर. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, काकू घरी शिकवण्या घेणाऱ्या, मुलगी पुण्यात नोकरीला, मुलगा कॅनडात. काका अचानक गेले. दिवसकार्य उरकल्यावर करायच्या कामांची यादी झाली. तिच्यात कुटुंब निवृत्तिवेतन, बँक, गॅसची जोडणी, महावितरणचं बिल, सोसायटीचा शेअर दाखला हे सगळं होतं आणि अगदी तळाला ‘मोबाइल बंद करणे’. यादीतलं सगळ्यात हलकं काम म्हणून ते तळाला गेलं. प्रत्यक्षात निवृत्तिवेतन सुरू झालं, गॅस काकूंच्या नावावर झाला, तरी मोबाइल काही बंद होईना.

मी त्यांचा शेजारी. अर्जविनंत्यांची कामं आमच्या सोसायटीत फिरून फिरून माझ्याकडे येतात, तसं हेही आलं. घरच्यांच्या परवानगीने लिहितोय. नावं आणि कंपनी बाजूला ठेवली आहे, कारण दुसऱ्या कंपनीत काही वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही.

आधी खातं काय होतं ते सांगतो. पोस्टपेडचा फॅमिली प्लॅन, महिना ९९९ रुपये. वर १८ टक्के जीएसटी धरून बिल यायचं ११७८ रुपये ८२ पैसे. काकांचा नंबर प्रायमरी, त्याखाली काकूंचा आणि मुलीचा असे दोन ॲड-ऑन. मुलाकडे कॅनडाला जाताना आंतरराष्ट्रीय रोमिंगसाठी दोन हजार रुपये डिपॉझिट भरलेलं. बिल दरमहा काकांच्या क्रेडिट कार्डातून आपोआप कापलं जायचं. सोय म्हणून केलेल्या या एकेका गोष्टीने पुढे एकेक गाठ मारली.

या खात्याला मुदतीची कसलीही अट नव्हती. हँडसेट स्वस्तात देऊन दोन वर्षं बांधून घेण्याची पद्धत युरोप-अमेरिकेत जशी रुळली तशी आपल्याकडे रुळली नाही. आपलं पोस्टपेड साधारणपणे महिन्याच्या बोलीवर चालतं. मुदतीआधी सोडलं म्हणून भुर्दंड नाही की नोटिशीचा काळ नाही. ट्रायच्या (दूरसंचार कंपन्यांवर नियमन ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या) २००९ च्या सेवा-गुणवत्ता नियमावलीत तर सेवा बंद करायला सात दिवस आणि डिपॉझिट परत करायला साठ दिवस अशी मर्यादाच घातलेली होती. म्हणजे कायद्याच्या बाजूने वाट मोकळी होती. अडत होतं ते खिडकीवर.

पहिला फोन काकूंनी स्वतः केला. स्वयंचलित आवाज बिलासाठी एक दाबा, प्लॅन बदलायला दोन दाबा, रोमिंगसाठी तीन दाबा असं सांगत राहिला. बंद करायचं असेल तर काय दाबायचं हे त्यात नव्हतंच. (जाता जाता : माणसाशी बोलायचं असेल तर ‘नवीन कनेक्शन’चा आकडा दाबावा. तिथे फोन लगेच उचलतात.) शेवटी एक मुलगा लाइनवर आला. स्पीकर चालू होता, मी समोर बसलो होतो.

“माझे यजमान गेले हो. त्यांचा नंबर बंद करायचाय.”

“ऐकून वाईट वाटलं, मॅम. व्हेरिफिकेशनसाठी सर एक मिनिट लाइनवर येऊ शकतील का?”

काकू गप्प. मग म्हणाल्या, “अरे बाळा, ते गेलेत.”

“हो मॅम, मी समजू शकतो. पण खातेदारांनी स्वतः कन्फर्म केल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. सर केव्हा अव्हेलेबल असतील?”

त्या मुलाचा मला राग आला नाही, येतही नाही. त्याच्या समोरच्या स्क्रीनवर ‘खातेदाराशी बोलणं झालं का’ असा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. मृत्यूचा रकाना स्टोअरमधल्या स्क्रीनवर आहे, फोनवरच्या नाही, हे आम्हाला नंतर कळलं. पण त्याने तेवढं एक वाक्य सांगितलं असतं तर पुढचे कितीतरी फोन वाचले असते.

मध्यंतरी घरच्यांनी बँकेत मृत्यूचा दाखला दिला होता. ते बरोबरच होतं. माणूस गेल्यावर त्याच्या फोनवर येणारे ओटीपी वापरून त्याच्या खात्यातून पैसे काढत राहणं हे घरोघरी चालतं, पण ते करू नये. ते पैसे नॉमिनीकडे, वारसांकडे दाव्याच्या रीतसर वाटेने जायला हवेत. बँकेने नियमाप्रमाणे काकांचं क्रेडिट कार्ड बंद केलं. कार्ड बंद, त्यामुळे आपोआप होणारी कपात बंद, त्यामुळे मोबाइलचं बिल थकलं. बिल थकल्यावर कंपनीने आउटगोइंग बंद केलं आणि ते एका नंबरचं नाही, तिन्ही नंबरांचं. पुण्यात ऑफिसात बसलेल्या मुलीचा फोन लागेनासा झाला तेव्हा आम्हाला हे समजलं.

मुलीने तिथूनच यूपीआयवर काकांचा नंबर टाकून थकलेलं बिल भरलं. अर्ध्या मिनिटाचं काम. तू कोण, खातेदार कुठे आहे, सर लाइनवर येतील का, असं कुणीही विचारलं नाही. पैसे घेताना कंपनीला ओळख लागत नाही, खातं बंद करताना मात्र खातेदाराशिवाय पान हलत नाही. या प्रकरणातली सगळी दमछाक याच एका फरकातून झाली, असं माझं मत आहे.

इथे एक सांगायला हवं, कारण ‘कपात थांबवा, म्हणजे झालं’ हा सल्ला पुष्कळ जण देतात. आपोआप होणारी कपात थांबवणं आणि जोडणी बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरची अशी परवानगी ग्राहकाला बँकेकडूनच काढून घेता येते, आणि कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना येते. सोय उत्तम आहे. पण परवानगी काढली म्हणजे करार संपला असं होत नाही. बिल निघतच राहतं, थकत जातं आणि काही महिन्यांनी वसुलीवाल्यांचे फोन सुरू होतात.

फोनवर काही होत नाही म्हटल्यावर आम्ही कंपनीच्या स्टोअरमध्ये गेलो. काउंटरवरचा मुलगा भला होता, काकूंना बसायला खुर्ची दिली. मृत्यूचा दाखला, दोघांची आधार कार्डं, लग्नाचा दाखला सगळं बरोबर होतं. त्याने नंबर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, “काकू, तुमचा नंबर कोणता?” त्यांनी सांगितला. “मग थांबा. प्रायमरी बंद केला की सिस्टिम खालचे दोन्हीही घेऊन जाते. तुमचा नंबर पण जाईल.”

“माझा कसा जाईल? माझा वेगळा आहे ना?”

“वेगळा आहे, पण सरांच्या नावावर आहे.”

खात्री करायला आम्ही संचार साथी पोर्टल उघडलं. दूरसंचार विभागाने मे २०२३ मध्ये ते सुरू केलं. त्यात नंबर आणि ओटीपी टाकला की त्या माणसाच्या नावावर किती जोडण्या आहेत ते दिसतं. काकांचा फोन काकूंच्या पर्समध्येच होता. यादी आली, मधले आकडे झाकलेले तीन नंबर. तिसरा मुलीचा. ती कॉलेजात असताना वडिलांनी आपली कागदपत्रं देऊन घेतलेला. तिचं बँक खातं, भविष्य निर्वाह निधी, ऑफिसचं लॉगिन सगळं त्याच नंबरावर.

काकू बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत होत्या. शिकवणीच्या मुलांच्या आयांकडे, भिशीत, दवाखान्यात, माहेरी, सगळीकडे त्यांचा म्हणून दिलेला तो नंबर. “म्हणजे इतकी वर्षं मी यांच्याच नंबरवरून बोलत होते,” एवढंच म्हणाल्या.

हे काही जगावेगळं नाही. आपल्या ओळखीच्या दहा घरांत विचारून बघा, आईचा मोबाइल कुणाच्या नावावर आहे. सिम घ्यायला घरातला कर्ता पुरुष जातो, आपलंच आधार देतो, आणि फॅमिली प्लॅन असेल तर सेल्समनही त्यालाच सोपं म्हणतो. एका माणसाच्या नावावर देशात नऊपर्यंत जोडण्या चालतात (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत सहा), त्यामुळे कुठे अडतही नाही. अडतं ते तो माणूस गेल्यावर.

संचार साथीवर प्रत्येक नंबरासमोर ‘माझा नंबर नाही’, ‘गरज नाही’ आणि ‘गरज आहे’ असे पर्याय असतात. काकांच्या नंबरासमोर ‘गरज नाही’ दाबून मोकळं व्हावं असं मुलीला वाटलं. मी थांबवलं. ती मागणी शेवटी त्याच कंपनीकडे जाणार, आणि प्रायमरी तोडला तर खालचे दोन तुटणार हे स्टोअरमध्ये नुकतंच ऐकलं होतं. शिवाय ते बटण खातेदाराने दाबायचं असतं.

कॅनडातून मुलाचं म्हणणं वेगळं होतं : “प्रीपेडमध्ये टाका आणि सोडून द्या. रिचार्ज नाही केलं की आपोआप मरेल.” जिवंत खातेदाराला हा सल्ला मी स्वतः देतो. सप्टेंबर २०२१ पासून पोस्टपेडचं प्रीपेड नुसत्या ओटीपीवर होतं, पुन्हा कागदपत्रं लागत नाहीत. किंवा त्याहून सोपं म्हणजे नंबर पोर्ट करायचा, म्हणजे तोच नंबर ठेवून दुसऱ्या कंपनीत न्यायचा. १९०० वर एसएमएस, आठ अक्षर-अंकी कोड, तो चार दिवस चालतो, त्याच सर्कलमध्ये (दूरसंचार सेवेच्या प्रदेशात) असाल तर कामाच्या तीन दिवसांत नंबर नव्या कंपनीत. जुनी कंपनी सोडायला तिची परवानगी मागावी लागत नाही, शेवटचं बिल तेवढं भरायचं. डिसेंबर २०१९ मध्ये ही पद्धत बदलली तेव्हापासून थकबाकी आहे का, नंबर घेऊन नव्वद दिवस झालेत का वगैरे अटी कोड देण्याआधीच तपासल्या जातात, त्यामुळे कोड मिळाला म्हणजे बहुतेक काम झालंच. ज्याला फक्त कंपनीला रामराम ठोकायचाय त्याने ‘बंद करा’ असं म्हणायच्या भानगडीत पडूच नये.

पण इथे ओटीपी गेलेल्या माणसाच्या फोनवर येणार होता, आणि तो टाकणारं कुणीतरी ‘मी खातेदार’ असं म्हणणार होतं. दुसरं म्हणजे प्रायमरी प्रीपेड झाला की फॅमिली प्लॅनच मोडतो. तेव्हा तीही वाट सोडली.

स्टोअरच्या मॅनेजरने जो क्रम सांगितला तो ऐकून काकूंना हसू आलं. जो नंबर बंद करायचाय तो आधी काकूंनी स्वतःच्या नावावर करून घ्यायचा. प्रायमरी नावावर आला की खालचे दोन्ही त्यांच्या खात्यात येतात. मग काकूंचा स्वतःचा नंबर प्रायमरी करायचा, मुलीचा तिच्या नावावर वेगळा काढायचा आणि काकांचा एकटा राहिला की तो बंद करायचा. सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवून मग वाटणी करावी, तशातलाच प्रकार. ऐकायला उलटं वाटतं, पण खरं सांगायचं तर हा क्रम बरोबर होता. फक्त तो कुठे लिहिलेला नव्हता.

नावावर करायला लागणारी कागदपत्रं : मृत्यूचा दाखला, नातं सिद्ध करणारा कागद, काकूंची केवायसी, शून्य थकबाकी, आणि इतर वारसांचं ना-हरकत पत्र. इतर वारस म्हणजे मुलगा आणि मुलगी. मुलीची सही शनिवार-रविवारी झाली. मुलाचं अडलं. मॅनेजर म्हणाला, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून मूळ प्रत आणा. मुलगा टोरांटोत बसून महाराष्ट्राचा स्टॅम्पपेपर कुठून आणणार? वकिलातीत जाऊन साक्षांकन करायचं तर अपॉइंटमेंट, सुट्टी, फी. एका मोबाइल नंबरसाठी.

तेव्हा मुलीने जे केलं ते मला फार आवडलं. आवाज न चढवता ती म्हणाली, “ठीक आहे, आणते. फक्त स्टॅम्पपेपरच लागतो हे तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या, म्हणजे दादाला पाठवता येईल.” मॅनेजर आत गेला, कुणाला तरी फोन लावला, बाहेर आला आणि म्हणाला की साध्या कागदावर सही आणि पासपोर्टची झेरॉक्स कुरिअरने आली तरी चालेल. खिडकीवरचे निम्मे नियम लेखी मागितले की विरघळतात. सगळे नव्हेत. थकबाकी शून्य पाहिजे हा नियम खरा होता, तो विरघळला नाही.

नावं बदलली. मुलीचा नंबर तिच्या नावावर गेला, काकूंचा प्रायमरी झाला. मधल्या काळात संयुक्त बँक खातं, निवृत्तिवेतनाचं खातं, महावितरण असं जिथे जिथे काकांचा नंबर नोंदवलेला होता तिथे काकूंचा टाकून घेतला. त्यासाठी वेळ मिळाला हा उशिराचा एकमेव फायदा. नंबर आधी तुटला असता तर यातल्या निम्म्या ठिकाणी जुन्या नंबरावरच्या ओटीपीशिवाय नवा नंबर घेतला नसता.

आता काकू स्वतः खातेदार. आता तरी ‘सर लाइनवर येतील का’ असं कुणी विचारणार नाही, या भरवशावर त्यांनी पुन्हा फोन लावला. या वेळी फोन थेट वेगळ्या विभागाकडे गेला. ग्राहक टिकवणं हेच त्या विभागाचं काम. बाई फार गोड बोलत होती. प्लॅनमध्ये काही अडचण आहे का, नेटवर्क नीट येत नाही का, सहा महिने भाडं निम्मं करून देऊ का. काकूंनी तिसऱ्यांदा सांगितलं की नंबर वापरणारा माणूसच नाही. त्यावर बाई म्हणाली, “मग मॅम, तो नंबर घरातल्या दुसऱ्या कुणाला देता येईल. ऑफर फक्त आजच्या दिवस आहे.” शेवटी “तुमची विनंती नोंदवली आहे” असं सांगून फोन ठेवला.

नोंदवली नव्हती. पुढच्या महिन्याचं बिल आलं, त्यात काकांचा नंबर होता. चौकशी केली तर त्या कॉलची नोंद ‘प्लॅनबद्दल चौकशी’ अशी होती. स्टोअरमध्ये जाऊन सांगितलेल्याची नोंदच नव्हती. ॲपमध्ये प्लॅन वाढवायला, सिम मागवायला, दुसऱ्या कंपनीतून इकडे यायला बटणं होती. जायला नव्हतं. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून इंटरनेटवर करार करून घेणाऱ्या कंपनीला तो रद्द करायचं बटणही ठळकपणे ठेवावं लागतं. तिकडच्या मराठी मंडळींना हे वाचून आमची गंमत वाटेल.

माझ्या मते या प्रकरणाचा सांधा इथे बदलला. तोवर घरचे ‘सांगत’ होते. फोनवर सांगितलं, काउंटरवर सांगितलं, चॅटवर सांगितलं. ट्रायची २०१२ ची तक्रार निवारण नियमावली सांगण्याला ओळखत नाही, क्रमांकाला ओळखते. जोडणी बंद करायची मागणी ही आधी ‘सेवा विनंती’ धरली जाते, आणि ती पुरी झाली नाही की तिची तक्रार होते. तक्रार नोंदवली की तिचा डॉकेट क्रमांक मिळालाच पाहिजे आणि तो एसएमएसवरही आला पाहिजे. क्रमांक हातात नसेल तर कंपनीच्या दृष्टीने तुम्ही काही मागितलेलंच नसतं.

म्हणून नव्याने सुरुवात केली. काकूंच्या नोंदणीकृत ईमेलवरून (तोही आधी काकांचा होता, बदलून घ्यावा लागला) चार ओळींचं पत्र पाठवलं : अमुक नंबर, अमुक खाते क्रमांक, आजच्या तारखेपासून बंद करावा, आजपर्यंतचं अंतिम बिल द्यावं, डिपॉझिट परत करावं, यापुढचं भाडं मान्य नाही. कारण लिहिलं नाही. कारण लिहिलं की त्यावर ऑफर येते. त्याच दिवशी १९८ या तक्रारीच्या क्रमांकावर फोन करून त्या पत्राचा हवाला देत तक्रार नोंदवली आणि क्रमांक एसएमएसवर येईपर्यंत फोन ठेवला नाही. तो मुलगा दोनदा म्हणाला, “येईल मॅम, थोड्या वेळात येईल.” काकू म्हणाल्या, “येऊ दे की. मी थांबते, मला काही घाई नाही.” आयुष्यभर शिकवण्या घेतलेल्या बाईचा धीर तो.

नंबर त्या आठवड्यातच बंद झाला. इतके दिवस जे होत नव्हतं ते एका क्रमांकाने झालं.

पण अंतिम बिलात महिन्याचं पूर्ण भाडं लावलेलं होतं आणि डिपॉझिटचा पत्ताच नव्हता. तक्रार ‘निकाली’ असा एसएमएस मात्र आला. यावर त्याच नियमावलीत अपिलाची सोय आहे. प्रत्येक कंपनीला अपील प्राधिकारी नेमावा लागतो, अपील तीस दिवसांत करायचं, फी नाही, ईमेलने चालतं, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यायचा. अपील प्राधिकारी कंपनीचाच माणूस असतो, त्यामुळे लोक त्या वाटेला जात नाहीत. जावं. स्क्रीनवरच्या रकान्याच्या बाहेर बघायचा अधिकार असलेला माणूस बहुधा तिथे पहिल्यांदा भेटतो. ट्रायला पत्र लिहिणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, ती कंपनीकडे पाठवून देते.

अपिलात आम्ही दोन गोष्टी घातल्या. एक, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेली डार्क पॅटर्नविरोधी (ॲप-संकेतस्थळांवरच्या, ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांविरोधी) मार्गदर्शक तत्त्वं. त्यात तेरा प्रकार दिलेत आणि त्यातला एक म्हणजे सेवा रद्द करणं अशक्य, किचकट किंवा लांबलचक करून ठेवणं, रद्द करायचा पर्याय लपवणं. दुसरी गोष्ट म्हणजे, दाद न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ हे एक वाक्य.

ते वाक्य २०२२ च्या आधी पोकळ ठरलं असतं. २००९ च्या एका निकालाचा आधार घेऊन दूरसंचार कंपन्या म्हणायच्या की १८८५ च्या तार कायद्याच्या कलम ७-ब मुळे असे वाद लवादाकडे जातात, ग्राहक मंचाकडे (आताच्या ग्राहक आयोगाकडे) नाही. हा मुद्दा मिटला तो व्होडाफोन आयडियाच्या अहमदाबादमधल्या एका पोस्टपेड ग्राहकाच्या प्रकरणात. त्याचं मासिक भाडं २४९ रुपये, सरासरी बिल पाचशेच्या घरात, आणि २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरचं बिल आलं २४,६०९ रुपये ५१ पैसे. त्याचीही बिलं क्रेडिट कार्डातून आपोआप जायची. तो २०१४ मध्ये जिल्हा ग्राहक मंचात गेला. तुमचा अधिकार इथे येतो की नाही, एवढ्याच प्रश्नावर प्रकरण वर वर जात राहिलं. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितलं की ग्राहकाला ग्राहक मंचात जाता येतं. मूळ बिलावर बोलायच्या आधीच आठ वर्षं गेली, हे वाचून मुलगी म्हणाली, “आपल्याला आठ वर्षं लढायचं नाहीये, फक्त त्यांना तसं वाटू दे.”

आयोगात जावं लागलं नाही. अपिलाचं उत्तर आलं : नंबर बंद करण्याच्या विनंतीच्या तारखेपर्यंतचंच भाडं धरू, जादा रक्कम वळती करू, डिपॉझिटचा चेक पाठवू. चेक आला तो काकांच्या नावावर. खातं काकूंच्या नावावर झालं होतं, पण डिपॉझिटची जुनी नोंद कुणी बदलली नव्हती. काकांचं खातं बँकेने केव्हाच बंद केलेलं. चेक परत पाठवला, सोबत मृत्यूचा दाखला पुन्हा जोडला, अपिलाचा क्रमांक वर लिहिला. नवा चेक काकूंच्या नावाने आला.

बंद झालेला नंबर किमान नव्वद दिवस कुणाला दिला जात नाही, असं ट्रायने नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. त्यानंतर तो नव्या ग्राहकाला जाऊ शकतो. जुन्या नंबरावरची माहिती काढून टाकणं ही ज्याची त्याची जबाबदारी, असंही त्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं. म्हणून नंबर तुटायच्या आधीच मुलीने काकांचे व्हॉट्सॲपवरचे फोटो आणि आवाज उतरवून घेतले, मग खातं पुसलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपमधून तो नंबर काढला. नाही तर पुढेमागे सकाळच्या नमस्काराला कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं असतं.

मध्ये एकदा वसुलीवाल्याचा फोन आला, अंतिम बिलाचं मूळ पूर्ण भाडं अजून त्याच्या यादीत होतं. काकूंनी त्याला अपिलाचा क्रमांक वाचून दाखवला आणि तो लिहून घ्यायला लावला. नंतर तो फोन आला नाही. मुलीने आपला नंबर पोर्ट करून दुसऱ्या कंपनीत नेला. काकू मात्र त्याच कंपनीत आहेत, प्रीपेडवर, महिन्याच्या महिन्याला स्वतः रिचार्ज करतात.